मागच्या सीटपर्यंत

३ मार्च, रविवार

एक्कावन्नावा भाग झाला. बघणारे एकशे नव्वद. त्यात आम्ही तिघंही आहोत, पण कोण किती वेळा बघतं हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

ही वही पुढेमागे कोणाच्या हाती लागली तर त्याला काही कळावं म्हणून लिहून ठेवतो. आमचं गेमचं चॅनेल आहे, ‘गाडी वेळेवर आहे’. बस चालवायचा एक जुनाट गेम आहे. बाकीचे लोक त्यात बस पुलावरून खाली टाकतात, दुकानात घुसवतात आणि खिदळतात. आम्ही चौदा नंबरची गाडी वेळापत्रकाप्रमाणे चालवतो. सिग्नलला थांबतो. थांब्यावर दार उघडतो, बंद करतो, निघतो. कोणी हसत नाही. हाच विनोद आहे.

लांब्या चालवतो. एरवी तो फरशांच्या दुकानात असतो. कवळी कंडक्टर. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे म्हणून कवळी, तिचे स्वतःचे दात उत्तम आहेत. रविवारी दवाखाना बंद असतो. खुर्चीवर कोणी बसायचं नाही या अटीवर डॉक्टरांनी किल्ली दिली आहे, त्यामुळे आमचा स्टुडिओ म्हणजे दवाखान्याची बाहेरची खोली. आणि मी विश्लेषक. गंभीर आवाजात सांगतो, की पाचव्या थांब्यावर अकरा सेकंद उशीर झाला आहे आणि याचे परिणाम दूरगामी असतील.

उपरोध म्हणजे काय हे लोकांच्या डोक्यावरून जातं. आजही दोघांनी विचारलं, ‘अपघात कधी होणार?’

घरी यातलं काही सांगितलेलं नाही. आईला वाटतं मी दर रविवारी दात दाखवायला जातो. वर्ष झालं. तिने एकदाच विचारलं, ‘‘किती उरलेत रे?’’

बाबांनी काहीच विचारलं नाही, कारण बाबा बोलत नाहीत. तेहतीस वर्षं त्यांनी बस चालवली. (गेम बसचाच का, असं कवळीने मागे विचारलं होतं. योगायोग, असं मी सांगितलं.) दोन वर्षांपूर्वी, मुदतीला अकरा महिने बाकी असताना, ते घरी बसले. काहीतरी तक्रार झाली होती. मी तेव्हा परगावी नोकरीला होतो. फोनवर आई म्हणाली, ‘‘मोठं काही नाही,’’ आणि मीही फार खोलात शिरलो नाही. परत आलो तेव्हा बाबा ‘हं’, ‘नको’ आणि ‘ठेव’ एवढ्यावर आले होते. घराबाहेर पडणंही बंद. आई म्हणते, ‘‘बंद पडलेली गाडी आहे ही. धक्का कुठून मारायचा तेच कळत नाही.’’ ती दिव्यापुढे हात जोडते तेव्हा काय मागते ते मला ठाऊक आहे.

१० मार्च, रविवार

आज एक रत्न सापडलं. नाव नाही, फोटो नाही, नुसता आकडा ७७४१. प्रतिक्रिया जशीच्या तशी उतरवतो.

‘महोदय, थांबा क्र. ६ वर आपली गाडी वाकडी उभी राहते. पुढचे चाक आधी सरळ करून मग दार उघडावे. म्हातारी माणसे उतरतात. कळावे.’

काय पकड आहे! ‘म्हातारी माणसे उतरतात.’ गेममधली माणसं! एवढ्या वर्षभरात आमच्या तोडीचा उपरोध करणारा पहिलाच माणूस भेटला. मी दोघांना वाचून दाखवलं. लांब्या म्हणाला, ‘‘चाकाचं बरोबर आहे पण त्याचं.’’ लांब्याला विनोद समजावण्यात अर्थ नाही.

१३ मार्च

बाबा दुकानात आले! चष्म्याच्या दुकानात, म्हणजे माझ्याकडे. चालत. एकटे. ते पोचायच्या आधी आईचे तीन फोन येऊन गेले, ‘‘दिसले का? रस्ता ओलांडला का नीट?’’ तेहतीस वर्षं त्या रस्त्यावरून बस नेलेल्या माणसाबद्दल विचारत होती.

त्यांना जवळचं बघायचा चष्मा हवा होता. आयुष्यभर लांबचं बघितलेला माणूस. मी विचारलं, ‘‘कशाला हवाय?’’ म्हणाले, ‘‘लागतो.’’ मालक समोर होते म्हणून मी जास्त ताणलं नाही. नंबर सव्वादोन निघाला. त्यांनी सगळ्यात साधी फ्रेम घेतली आणि जाताना काउंटरवरचा माझा मोबाइल उचलून, हात लांब न करता, त्यावरची अक्षरं वाचून बघितली. मान हलवली आणि गेले.

वर्तमानपत्र वाचायचं असेल. चांगलंच आहे.

३१ मार्च, रविवार

७७४१ आता प्रत्येक भागाखाली लिहितो. गतिरोधकाआधी किती लांबून वेग उतरवावा. वळणावर आरशात कधी बघावं. लांब्या त्याचं सगळं ऐकतो. आज पहिल्यांदाच आख्ख्या फेरीत एकही प्रवासी पडला नाही आणि कवळीने टाळ्या वाजवल्या. खऱ्या टाळ्या. मी तिला म्हटलं, असं केलं तर आपल्यात आणि इतरांत फरक काय राहिला?

प्रत्येक प्रतिक्रियेच्या शेवटी त्याचं एक पालुपद असतं. ‘शेवटच्या थांब्यावर चालकाने उठून मागच्या सीटपर्यंत जाऊन बघावे. मगच गाडी बंद करावी.’ गेममध्ये चालकाला उठवायचं बटण आहे खरं. आम्ही ते कधी दाबलेलं नाही. लांब्या म्हणाला, ‘‘बघू या का एकदा?’’ मी साफ नाही म्हटलं. रिकाम्या बसमधून माणूस दोन मिनिटं चालतोय, हे कोण बघणार?

आज नळवाला येणार होता म्हणून बाबांनी नळावर चिठ्ठी चिकटवली होती. ‘महोदय, चावी डावीकडे फिरवू नये. कळावे.’ हल्ली जो तो महोदय लिहायला लागला आहे.

१ एप्रिल

सकाळी नऊला घरचा फोन वाजला. दर एक तारखेला वाजतो. बाबा त्याच्या शेजारीच बसलेले असतात, पण घेत नाहीत आणि आईलाही घेऊ देत नाहीत. कर्ज देणाऱ्या कंपन्या बरोबर एक तारीख गाठतात, पगार झालेला असतो ना. बाबांचं मला पटतं.

१४ एप्रिल, रविवार

शंका आली म्हणून मी ७७४१ला सरळ विचारलं. ‘आपण हे उपरोधाने लिहिता ना?’

उत्तर आलं. ‘उपरोध मला माहीत नाही. मी गाडीबद्दल लिहिले आहे. कळावे.’

म्हणजे हा माणूस खराच आहे! महिनाभर मी ज्याला वर उचलून धरलं तो गेममधल्या बसकडे बस म्हणून बघतोय. मला इतका राग आला की चहा निवला. कोण कुठला रिकामटेकडा, आम्हाला अक्कल शिकवतोय! लांब्या म्हणाला, ‘‘अरे, पण शिकवतोय बरोबर.’’ कवळी म्हणाली, ‘‘तुला नेमका राग कशाचा आलाय?’’

मी सांगितलं, तत्त्वाचा.

२१ एप्रिल, रविवार

दवाखान्यात प्लॅस्टरचा एक जबडा आहे, दात कसे घासावेत ते दाखवायला. मागून दाबला की उघडमीट होतो. आज मी तो टेबलाच्या कडेवर धरला आणि ७७४१च्या सगळ्या प्रतिक्रिया त्याच्या तोंडून म्हटल्या. आवाज म्हाताऱ्याचा, नाकातला. नाव ठेवलं जबडेकाका. शेवटच्या थांब्यावर तर कमाल झाली. जबडा दातावर दात आपटत ओरडत सुटला, ‘‘मागे कोणीतरी झोपलंय हो! अहो, मागे कोणीतरी झोपलंय!’’

लांब्या हसला. कवळीही हसली, पण तिने लगेच तोंड फिरवलं.

२३ एप्रिल

अकरा हजार! अकरा हजार लोकांनी बघितलं! दुकानात आलेला एक पोरगेला माणूस माझा आवाज ऐकून थबकला आणि म्हणाला, ‘‘मागे कोणीतरी झोपलंय?’’ मालकांनी मागे वळून बघितलं.

७७४१ने एकच ओळ लिहिली आहे. ‘सूचना मागे घेतली आहे. कळावे.’ ही ओळही जबड्याला द्यावी असं डोक्यात आहे.

घरीही प्रगती आहे. बाबांनी चष्मा घडी घालून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘‘काम झालं.’’ सलग दोन शब्द! मी आईला म्हटलं, बघ, लक्षण चांगलं आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दूध उतू घालवलं की काय असं वाटून गॅसकडे गेलो. दूध नव्हतंच.

१ मे

फोन. वाजून वाजून थांबला. बाबांनी आज तिकडे पाठ केली होती.

५ मे, रविवार

भांडण झालं. कवळीने जबडा कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाली, ‘‘दोन रविवार झाले, तो माणूस आलेला नाही.’’

मी म्हटलं, ‘‘अकरा हजार आलेत.’’

‘‘ते अपघात बघायला आलेत,’’ ती म्हणाली. ‘‘आणि अपघात आपण केलाय.’’

लांब्याने फेरी सुरू केली, सहाव्या थांब्यावर गाडी वाकडी उभी राहिली आणि त्याने हातातला बटणांचा कंट्रोलर खाली ठेवला. ‘‘मला नाही जमत आहे,’’ म्हणाला. भाग कसाबसा पुरा करून टाकला. घरी येताना एकटाच आलो.

७ मे

हे नीट लिहायला हवं.

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मला म्हणाली, ‘‘बस.’’ बसलो.

‘‘त्या जबड्याचा आवाज तूच काढत होतास ना?’’

मी आधी दातांचंच काहीतरी सांगायला लागलो. ती म्हणाली, ‘‘पुरे. वर्षभर माहीत आहे मला. शेजारच्या मुलीने मोबाइलवर दाखवलं होतं. मला त्यातलं काही कळेना, म्हणून यांच्यापुढे धरलं. तुझा आवाज ऐकला आणि हे उठून बसले. पहिल्यापासून सगळे भाग बघितले. दोन वर्षांत या माणसाने स्वतःहून एक गोष्ट मागितली, चष्मा. एका बोटाने लिहायचे. एक ओळ लिहायला अर्धा तास. लिहून झालं की मला वाचून दाखवायचे. मला! इतकं बोलायचे रे, त्या सहाव्या थांब्याबद्दल.’’

मग तिने ती तक्रार काय होती ते सांगितलं. सकाळची पाळी संपली, बाबांनी गाडी डेपोत लावली, कुलूप घातलं आणि निघाले. तेहतीस वर्षांत मागे जाऊन न बघितलेला तो एकच दिवस. त्या दिवशी आई आजारी होती आणि त्यांना घरी यायची घाई होती. शेवटच्या सीटवर एक म्हातारी झोपली होती. भर उन्हात, बंद गाडीत, चार तास. तिला आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ‘‘वाचली,’’ आई म्हणाली. ‘‘अगदी ठणठणीत आहे. पण हे तिथेच राहिले.’’

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तू विचारलंस का?’’

लाज वाटली. दुसरा शब्द सुचत नाही. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं ते कळलं. आईने माझ्या शर्टाची घडी घातली आणि माझ्याच मांडीवर ठेवली.

८ मे

तो भाग काढून टाकला. कवळीला आणि लांब्याला कारण कळवलं. तिने फक्त ‘बरं’ लिहिलं. लांब्याने तासाभराने विचारलं, ‘काका गतिरोधकावरून रागावलेत का माझ्यावर?’

१२ मे, रविवार

शूटिंग म्हणायचं तर झालं. फेरी पूर्ण केली, मी एक अक्षर बोललो नाही. खाली लोक विचारत होते, जबडा कुठे आहे.

घरी येऊन बाबांसमोर उभा राहिलो. चार दिवस पाठ केलेलं सगळं विसरलो.

‘‘सत्त्याहत्तर एकेचाळीस तुम्हीच?’’

‘‘बिल्ल्याचा नंबर आहे,’’ बाबा म्हणाले.

बिल्ला दाराशेजारच्या कपाटात काचेमागे आहे. पितळी, आई महिन्याला घासते. रोज त्याच्यासमोर उभं राहून मी चपला घालतो. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, हे पुन्हा लिहायची गरज नाही.

‘‘चुकलं बाबा.’’

ते म्हणाले, ‘‘का काढलास तो भाग? लोक हसत होते की.’’

‘‘तुम्हाला हसत होते.’’

‘‘जबड्याला हसत होते.’’ त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ‘‘आणि जबडा बरोबरच बोलत होता. झोपलं होतं मागे कोणीतरी.’’

मी आत जाऊन त्यांचा चष्मा आणला आणि त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी घातला नाही. पण परतही दिला नाही.

१९ मे, रविवार

आजचा बासष्टावा भाग. तो संपल्यावर तिघांनी ठरवलं. लांब्याने आजारी पडायचं. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, ‘‘येत्या रविवारी आमचा चालक रजेवर आहे. बदली मिळेल का?’’

मला वाटलं ‘नको’ येईल. बाबा म्हणाले, ‘‘असं तोंडी चालत नाही. लेखी द्या.’’

दिलं. ‘महोदय, दि. २६ रोजी मार्ग क्र. १४ साठी अनुभवी चालकाची आवश्यकता आहे. तरी आपण हजर राहावे ही विनंती. कळावे.’ त्यांनी चष्मा घालून दोनदा वाचलं. ‘रोजी’नंतर वेळ लिहायची राहिली होती. लिहून घेतली.

आईने तोंडाला पदर लावला होता. हसत होती की काय कोण जाणे.

२६ मे, रविवार

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधी दवाखान्यात पोचले. मी पायऱ्या चढत होतो तेव्हा ते दारात उभे होते. आजारी लांब्याही हजर होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ‘‘काका, सहावा थांबा?’’ बाबा म्हणाले, ‘‘घाई करतोस तू.’’ लांब्याला इतका आनंद झालेला मी आजवर पाहिला नव्हता.

बटणं हातात घेऊनही बाबांनी गाडी सुरू केली नाही. आधी गेममधल्या गाडीला एक फेरी मारली. चाकं बघितली. दिवे बघितले. सहा मिनिटं. लोक खाली लिहीत होते, ‘हे काय चाललंय?’ मी विश्लेषकाच्या आवाजात सांगितलं, ‘‘तपासणी चालू आहे.’’ आवाज नेहमीसारखा लागला नाही.

मग निघाली गाडी. त्यांना बटणं जड गेली, दोनदा वायपर सुरू झाले, एकदा भोंगा. पण गाडी! मी बासष्ट फेऱ्या त्या रस्त्यावर बोललोय आणि रस्ता आज बघितला. सहाव्या थांब्यावर ती कडेला अशी लागली की कवळी थांब्याचं नाव पुकारायला विसरली. आम्ही चार मिनिटं उशिरा होतो. मी ते बोललो नाही.

शेवटचा थांबा. माणसं उतरली. दार बंद झालं. बाबांनी विचारलं, ‘‘उठायचं कोणतं?’’ लांब्याने बटण दाखवलं.

पडद्यावरचा चालक उठला. बाबा एकेका सीटपाशी थांबत होते. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, पुढची रांग. काही नव्हतं. रिकाम्या सीटा. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कवळीने माझा दंड धरला.

मागच्या सीटवर एक बाई होती. पांढरे केस, मांडीवर निळी पिशवी, डोकं खिडकीला टेकलेलं. गेम बनवणाऱ्याने तिला तिथे ठेवून दिली होती आणि आम्हाला कधी दिसलीच नव्हती.

बाबा पडद्याकडे झुकले. ‘‘आजी,’’ ते म्हणाले. पडद्याला म्हणाले. ‘‘आजी, उठा. शेवटचा थांबा आला.’’ आणि बटण दाबलं.

बाई उठली. पिशवी घेतली. ती हळूहळू दारापर्यंत गेली, पायऱ्या उतरली, आणि बाबा ती चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबले. मग त्यांनी गाडी बंद केली.

‘‘किती भाग झालेत तुमचे?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘याच्याआधी बासष्ट.’’

‘‘म्हणजे बासष्ट वेळा,’’ बाबा म्हणाले.

चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. लांब्या भिंतीवरचं हिरड्यांचं चित्र बघत होता. मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. असं आमच्याकडे कधी कोणी करत नाही, त्यामुळे तो कधी काढायचा ते मला कळेना.

निघताना कवळी कुलूप लावायला लागली तर बाबा म्हणाले, ‘‘थांब.’’ परत आत गेले. बाहेरच्या खोलीतली प्रत्येक खुर्ची बघितली, मग आतली मोठी खुर्ची, तिच्या मागे, पडद्याआड. बाहेर येऊन म्हणाले, ‘‘कोणी नाही. लाव.’’

किती जणांनी बघितलं ते अजून पाहिलेलं नाही.

१ जून

सकाळी नऊला फोन वाजला. मी दुकानात निघालो होतो, चपला घालत होतो. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली. आत्ता मला कळलं की आईला तो फोन कोणाचा ते कायम माहीत होतं, आणि कर्जाच्या कंपन्यांना मी इतके दिवस उगाच शिव्या घातल्या.

चार वेळा वाजला. पाच. बाबांनी चष्मा घातला. फोनवर बोलायला चष्मा कशाला लागतो ते विचारलं नाही. सहाव्याला त्यांनी उचलला.

‘‘हो,’’ ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकत होते. ‘‘हो, आजी. मीच. त्या दिवशी मीच चालवत होतो.’’

मी दार ओढून घेतलं. पुढचं ऐकलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. दुपारी आईला विचारायला फोन केला, तर घरचा फोन अजून एंगेजच लागत होता.